खेळाडूचा प्रशिक्षक होतो तेव्हा

प्रश्न : माझा मुलगा शाळेच्या संघातून फुटबॉल खेळतो. परवा त्याने विचारलं, "बाबा, खालिद जमील आधी खेळाडू होते ना? मग ते प्रशिक्षक कसे झाले? चांगला खेळाडू आपोआप चांगला प्रशिक्षक होतो का?" मला नीट उत्तर देता आलं नाही. सांगाल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपोआप होत नाही. तुमच्या गावात फुटबॉलचे संघसुद्धा तालमींच्या नावाने उतरतात, म्हणून तालमीतलाच दाखला देतो. प्रत्येक नावाजलेला मल्ल पुढे वस्ताद होत नाही. डाव स्वतः मारणं ही एक विद्या आणि तोच डाव दुसऱ्याच्या अंगात भिनवणं ही दुसरी. फुटबॉलमध्येही असंच आहे.

मधल्या फळीतला मुरलेला खेळाडू पास येण्याआधीच मान वळवून मागे कोण आहे ते पाहून घेतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने ते घडतं, त्याला वेगळा विचार करावा लागत नाही. पण चौदा वर्षांचा मुलगा "नेमकं कधी पाहायचं?" असं विचारतो, तेव्हा त्याच सवयीचे तुकडे करून एकेक समजवावा लागतो. खेळाडू आपल्या जागेवरून मैदान पाहतो. प्रशिक्षकाला अकरा जणांचं मैदान पाहावं लागतं, आणि बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूंची मनंही सांभाळावी लागतात.

फ्रान्सचे मिशेल प्लातिनी पाहा. 1984च्या युरोपीय स्पर्धेत त्यांनी पाच सामन्यांत नऊ गोल करून देशाला अजिंक्यपद मिळवून दिलं. पुढे तेच राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या संघाने 1992च्या युरोपीय स्पर्धेचे पात्रता सामने सगळे जिंकले, पण मुख्य स्पर्धेत एकही विजय न मिळवता तो पहिल्याच फेरीत बाहेर पडला. उलट बाजूने हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने ते शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारताने 1951 आणि 1962मध्ये आशियाई सुवर्ण जिंकलं आणि 1956च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. 1962च्या अंतिम सामन्यात गोल करणारे पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः मोठे प्रशिक्षक झाले. 1975च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला 5-0 हरवणारा ईस्ट बंगाल त्यांचाच.

आता खालिद जमील. जन्म 1977चा, कुवेतमधला. आखाती युद्धानंतर कुटुंब मुंबईला आलं आणि त्यांचा फुटबॉल इथेच वाढला. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसी या संघांकडून ते मधल्या फळीत खेळले. भारताची जर्सीही घातली. पण दुखापतींनी पाठ सोडली नाही आणि खेळ लवकर थांबला. 2009मध्ये मुंबई एफसीने त्यांनाच प्रशिक्षक केलं, तेव्हा ते जेमतेम बत्तीस वर्षांचे होते.

इथून पुढचा भाग तुमच्या मुलाला मुद्दाम सांगा. मुंबई एफसी काही श्रीमंत संघ नव्हता. अशा संघाला आय-लीगमधून, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या अव्वल साखळी स्पर्धेतून, खाली घसरू न देणं हेच दर हंगामाचं काम असतं, आणि ते त्यांनी जवळपास सात वर्षं केलं. आधी बचाव पक्का करायचा, शिस्त मोडू द्यायची नाही, हाती असलेल्या खेळाडूकडून जास्तीत जास्त काढून घ्यायचं. त्यांची ही पद्धत तिथेच घडली.

2016मध्ये मुंबई एफसी सुटलं आणि ते मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरलेला होता. गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं, म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. आशुतोष मेहता आणि जयेश राणे हे मुंबईतले त्यांचे खेळाडूही त्या संघात आले. 22 एप्रिल 2017ला ऐझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 हरवलं. 30 एप्रिलला शिलाँगमध्ये आधी गोल खाल्ला, पण मग बरोबरी साधली आणि एका गुणाने आय-लीग जिंकली. ऐझॉल 37, मोहन बागान 36. ईशान्य भारतातला संघ देशाचा विजेता होण्याची ती पहिलीच वेळ.

त्यानंतर ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर. इंडियन सुपर लीगमध्ये बराच काळ परदेशी प्रशिक्षकांचाच राबता होता. 2021च्या सुरुवातीला नॉर्थईस्टची सूत्रं हंगामाच्या मध्यात त्यांच्याकडे आली आणि त्यांनी संघाला उपांत्य फेरीत नेलं. त्या लीगमध्ये भारतीय प्रशिक्षकाने हे प्रथमच करून दाखवलं.

ऑगस्ट 2025मध्ये ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. गोव्याचे साव्हियो मेदेइरा यांच्यानंतर, म्हणजे तेरा वर्षांनी, हे पद भारतीय माणसाकडे आलं. पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये, भारताने ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तिसरा क्रमांक मिळवला. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून 1-2 असा पराभव झाला आणि 2027च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. दोन महिन्यांत कौतुकही वाट्याला आलं आणि टीकाही. प्रशिक्षकाचा पेशा पत्करला की ही दोन्ही ओघाने आलीच.

"कसे झाले?" याचं सरळ उत्तर अभ्यास हेच आहे. भारतात डी लायसन्सपासून सुरुवात होते. मग सी, बी, ए आणि सर्वांत वरचं आशियाई महासंघाचं प्रो लायसन्स. वर्गातले तास, मैदानावरची प्रात्यक्षिकं आणि परीक्षा यांतून जावं लागतं. देशासाठी खेळलेल्या माणसालाही पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं. खालिद जमील यांनीही प्रो लायसन्सपर्यंत मजल मारली आहे.

तेव्हा मुलाला सांगा, आत्ता मन लावून खेळ. पण एखाद्या सामन्यात बाकावर बसावं लागलं तर तोंड पाडून बसू नकोस. तुझ्या जागी खेळणारा मुलगा चेंडू जवळ नसताना कुठे उभा राहतो ते बघ, आणि तो तिथेच का उभा आहे हे घरी येऊन बाबांना समजावून सांग. ते बाबांना समजलं, तर प्रशिक्षक होण्याचा पहिला धडा तू शिकलास.