तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागू नये म्हणून

मे 2022 मध्ये ललितपूर जिल्ह्यातल्या पाली ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला अटक झाली. तेरा वर्षांच्या मुलीला भोपाळला नेऊन तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, तिला ठाण्यात आणलं गेलं आणि तिथे याच अधिकाऱ्याने बलात्कार केला, अशी फिर्याद होती. ठाण्यातलं हे तिने चाइल्डलाइनच्या समुपदेशनात सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 18 ऑगस्ट 2023 च्या निकालात न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला बजावलं की अशा मुलांसोबत सहाय्यक व्यक्ती नेमणं ऐच्छिक ठेवता येणार नाही. 1972 मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेला पोलिसी अत्याचार ज्यांना आठवतो, त्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही.

पुढची कृती अशा सोबत्यासाठी आहे. मग तुम्ही शिक्षिका असा, आशाताई असा, वकील असा किंवा नुसत्या शेजारच्या काकू. उदाहरण म्हणून ललितपूरच्याच शेजारच्या झाशी जिल्ह्यातलं बरुआसागर घेते. ठाणं गावात आहे. पण मेडिकल कॉलेज, वन स्टॉप सेंटर, जिल्हा न्यायालय सगळं वीसेक किलोमीटरवर झाशीत. प्रत्येक दारात नवा माणूस तिला तेच विचारतो. हे विचारणं कमी करणं, एवढंच सोबत्याचं खरं काम.

पहिली भेट. काय झालं ते विचारू नका. विचारायचं ते इतकंच: आज रात्री झोपायला सुरक्षित जागा आहे का, कुठे दुखतंय का, रक्त जातंय का, कुणाला बोलवू? दाराजवळची खुर्ची तिला द्या, म्हणजे उठून जायची वाट तिच्या हातात राहते. पाठीवरून हात फिरवायचा तरी आधी विचारा. ती अठराच्या आतली असेल तर सुरुवातीलाच सांगा, ‘हे मला पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावं लागेल, कायदा तसा आहे.’ ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊन मग ते मोडणं हा तिच्यावर झालेला आणखी एक विश्वासघात असतो. सज्ञान असेल तर तक्रार करायची की नाही, हे ती ठरवेल. तिच्या आईवडिलांनी किंवा तुमच्या संस्थेने ते ठरवायचं नाही.

दवाखाना. घटना ताजी असेल तर ठाण्याआधी इथे चला. उपचारासाठी एफआयआर लागत नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर मोफत उपचार केलेच पाहिजेत. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भनिरोधक गोळीही जितकी लवकर तितकी बरी. अंगावरचे कपडे धुवू नका, वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला तिची संमती हवी, आणि ती मध्येच ‘नको’ म्हणू शकते. दोन बोटांची चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2022 ला सांगितलं आहे. हे वाक्य तोंडपाठ ठेवा.

फिर्याद. इथे घाई करू नका. गुन्हा पुण्यात घडला आणि मुलगी बरुआसागरला परतली, तरी बरुआसागर ठाण्याने शून्य क्रमांकाची एफआयआर नोंदवून ती पुण्याला पाठवायची असते. उलटही तेच. असा गुन्हा नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसाला भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे. जबाब महिला अधिकाऱ्याने, तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा. मूल असेल तर गणवेशाशिवाय.

सगळ्यात जास्त प्रकरणं बिघडतात ती तारखांवरून. जबर धक्क्यानंतरची आठवण सलग येत नाही. वास आठवतो, दाराची कडी आठवते, वार आठवत नाही. हवालदार म्हणतो, ‘अंदाजे सांग.’ ती घाबरून एक तारीख सांगते, आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत तिला त्याच तारखेवर खोटं पाडतात. म्हणून अंदाज लिहू देऊ नका. ‘आल्याची काढणी चालू होती, त्या दिवसांत’ असं ती म्हणाली तर तेच लिहायचं. तिचे शब्द, तिच्या बुंदेलीत. अडलं तर दुभाषी मागा. सही करण्याआधी पूर्ण जबाब सावकाश वाचून घ्या आणि एफआयआरची प्रत मोफत घ्या. एका वहीत कोण, कधी, कुठे भेटलं ते तुम्ही टिपा. पुढच्या दारात कागद पुढे करता येतो. तिचं नाव मात्र वहीच्या मुखपृष्ठावरही नको. ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

तस्करीचं प्रकरण असेल तर आणखी दोन गोष्टी पाहा. सुटकेनंतर लगेच एक वकील ‘मी मुलीतर्फे’ म्हणून उभा राहतो. त्याचे पैसे कोण देतं ते आधी विचारा. आरोपीच्या वकिलाला मुलीतर्फे उभं राहता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने ‘प्रेरणा’ संस्थेच्या याचिकेवर 2002 मध्येच ठरवलं आहे. दुसरं, घरी पाठवण्याआधी घर तपासा. विकणारा कधीकधी मामाच असतो. आणि सज्ञान स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध सुधारगृहात डांबणं म्हणजे मदत नव्हे.

न्यायालय. सुनावणीच्या आधी एकदा तिला रिकामं दालन दाखवून आणा: न्यायाधीश कुठे बसतात, पाणी कुठे, बाहेर जायचं दार कुठलं. काय बोलायचं ते पढवू नका. सरकारी वकिलामार्फत आधीच अर्ज द्या: सुनावणी बंद दालनात व्हावी, आरोपी तिला दिसू नये म्हणून पडदा असावा, मध्ये विश्रांती मिळावी. ‘साक्षी’ खटल्याच्या 2004 च्या निकालाप्रमाणे आरोपीतर्फेचे घटनेबद्दलचे प्रश्न लेखी देऊन न्यायाधीशांमार्फत विचारता येतात. मुंबईत खटला आणि मुलगी बरुआसागरला, अशा वेळी अल्पवयीन पीडितेची साक्ष तिच्याच जिल्ह्यातून व्हिडिओद्वारे घेण्याची कार्यपद्धती सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये मान्य केली आहे. प्रवासाच्या तिकिटाआधी ती मागा. आणि व्हरांड्यात आरोपीचे नातेवाईक बसतात तिथे तिला ताटकळत ठेवू नका.

वकिलासाठी पैसे नाहीत, म्हणून कुणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुलं आणि तस्करीचे बळी यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. भरपाईचा अर्जही विधी सेवा प्राधिकरणाकडेच, आणि तो पहिल्याच आठवड्यात द्या; अंतरिम रक्कम निकालाआधी मिळू शकते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2018 च्या योजनेत बलात्कारासाठी 4 ते 7 लाख आणि सामूहिक बलात्कारासाठी 5 ते 10 लाख रुपये ठरलेले आहेत. आरोपी सापडला नाही किंवा निर्दोष सुटला, तरीही हा अर्ज करता येतो. विधी सेवेचा क्रमांक 15100, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098. आजच फोनमध्ये साठवून ठेवा.