तिघींनी सांगितलं म्हणजे तीन पुरावे का?

तायांनो, १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. त्याआधी कितीतरी दिवस मोबाईलवर ‘टोळी आलीय’ हेच फिरत होतं.

एकच गोष्ट पुन्हापुन्हा ऐकली की ती ओळखीची वाटते, आणि ओळखीची गोष्ट मनाला खरी वाटते. त्यात लेकरांची भीती मिसळली की विचारायला कोण थांबतं? मीसुद्धा एकदा असा मेसेज पुढे पाठवलाय, वर ‘खात्री नाही, पण सावध राहा’ असं लिहून!

भिवंडीतल्या आपल्या गटांत हे लहान रूपात होतं. ‘अमकी हप्ते बुडवणार’ असं नळावर एकीने, बैठकीत दुसरीने, फोनवर तिसरीने सांगितलं. आपण साक्षीदार तीन मोजतो, पण तिघींनी ऐकलेलं असतं एकीकडूनच. इकडे तिचं कर्ज अडतं.

पुढच्या बैठकीत असं करा. प्रत्येकीला विचारा, तुला कुणी सांगितलं? मग तिला कुणी? शेवटचं नाव सापडेपर्यंत विचारत राहा. कर्जाचा निर्णय मात्र तिची हप्त्यांची वही उघडूनच घ्या.