गाडीची मागची चाके सरळ आहेत का?



ऊस, पाणी आणि खत यांवर या पानांतून नेहमीच लिहिले जाते. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण तो आपल्या दारातच उभा आहे. पुष्कळ सभासदांच्या अंगणात आता ट्रॅक्टरशेजारी एखादी बोलेरो, जुनी ओम्नी नाहीतर स्विफ्ट असते. तिचे स्टेअरिंग एका बाजूला धरून ठेवावे लागले की आपण गाडी अलाइनमेंटला नेतो. तिथे पुढची दोन चाके यंत्रावर सरळ करून मिळतात, आपण पैसे देतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच सुरू होते.

आमच्या घरी हे दोनदा झाले. पुतण्याची बोलेरो सरळ रस्त्यावर उजवीकडे ओढायची, म्हणून तो स्टेअरिंग डावीकडे धरून चालवायचा. एका दुकानात दोन वेळा पुढची अलाइनमेंट झाली. "टायरमुळे ओढतंय" असे सांगितले, म्हणून पुढचे दोन टायरही नवे टाकले. मी म्हटलं, "अरे, मागं कुणी पाहिलं का?" तो म्हणाला, "काका, मागं काय पाहायचं? मागची चाकं वळतात थोडीच!"

नंतर एका रात्री औंढ्याहून वसमतकडे येताना पुढे उसाची ट्रॉली उभी होती. तिला मागे दिवा नव्हता आणि चकाकणारी पट्टीही नव्हती. पुतण्याने ब्रेक दाबला, तसे गाडीचे शेपूट डावीकडे सरकले आणि तोंड समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला वळले. समोर कोणी नव्हते म्हणून निभावले. गाडीत सून आणि दोन लेकरे होती. सकाळी गाडीखाली शिरून पाहिले, तर मागच्या डाव्या पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलेला आणि एक्सलचे डावे टोक अर्धा इंच मागे सरकलेले. दुखणे हल्याला आणि डाग पखालीला, अशी गत झाली होती.

मागची चाके वळत नाहीत हे खरे. पण गाडी कोणत्या दिशेने जायची, हे तीच ठरवतात. बैलगाडीचे उदाहरण घ्या. आस दांडीला काटकोनात बसला नाही, तर बैल कितीही सरळ चालोत, गाडी तिरकी ओढली जाते. मोटारीचे तसेच आहे. मागचा एक्सल तिरका झाला की मागची चाके गाडीला तिरक्या दिशेने ढकलतात आणि ड्रायव्हरला पुढची चाके तितकीच वळवून धरावी लागतात. मग गाडी सरळ जाते, पण अंग तिरके ठेवून, खेकड्यासारखी.

हिशेब करून पाहू. बोलेरोच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २६८० मिलिमीटर आहे. डाव्या-उजव्या चाकांतले अंतर ढोबळमानाने अर्धे, म्हणजे साडेतेराशेच्या आसपास धरा. एक्सलचे एक टोक अर्धा इंच सरकले, तर मागच्या चाकांची चाकोरी पुढच्यांच्या मानाने सुमारे एक इंच बाजूला पडते. कोन म्हणाल तर अर्धा अंशच. पण स्टेअरिंगवर तोच अर्धा अंश आठ-दहा अंशांचा होतो, म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा दीड-दोन मिनिटे सरकावा तेवढा.

अलाइनमेंटवाला अशा वेळी पुढचे टाय रॉड फिरवून स्टेअरिंग मधोमध आणून देतो. आपल्याला वाटते, झाले काम. गाडी मात्र तिरकीच चालत राहते. बोल्ट तुटलेला असेल तर एक्सल आणखी सरकतो आणि स्टेअरिंग पुन्हा वाकडे होते. दुसरे म्हणजे, आख्खा एक्सल तिरका झाला असेल तर दोन्ही मागची चाके एकमेकांना समांतरच राहतात, त्यामुळे टायर फारसे झिजत नाहीत. टायर चांगले दिसतात म्हणून मागे सगळे ठीक आहे असे धरून चालू नये. आम्ही नेमके इथेच फसलो.

आपल्या भागात हा दोष जास्त का आढळतो, तेही सांगतो. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे वरचा डांबरी रस्ताही लाटांसारखा होतो. पांदण रस्त्यावर ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या वेगळ्याच. त्यात आपण गाडीत खताची पोती टाकतो. युरियाचे पोते आता ४५ किलोचे येते. दहा पोती म्हणजे साडेचार क्विंटल, आणि वर माणसे. हा सगळा भार मागच्या पाट्यांवर येतो.

पाट्याची रचना समजली की पुढचे सोपे जाते. जीप, बोलेरो, ओम्नी आणि २०१४ साली बंद झालेली अॅम्बॅसेडर, या सगळ्यांच्या मागे पाटेच. पाट्यांची चळत मधोमध एका सेंटर बोल्टने बांधलेली असते. त्या बोल्टचे डोके एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसते. पण एक्सलला पाट्याशी घट्ट धरून ठेवण्याचे काम दोन यू बोल्टचे आहे. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. यू बोल्ट सैल पडले की सगळा मार त्या करंगळीएवढ्या बोल्टवर येतो आणि तो तुटतो. म्हणून नुसता सेंटर बोल्ट बदलून यू बोल्ट तसेच ठेवले, तर नवाही तुटणारच. पुष्कळ मिस्त्री इथे चुकतात.

आता तपासणी. आधी चारही टायरची हवा थंड असताना मोजा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मग पुढच्या दोन टायरची अदलाबदल करून पाहा (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नका). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. तसेच राहिले तर पुढे चला.

कोरड्या सिमेंट रस्त्यावर बादलीभर पाणी ओता आणि त्यातून गाडी सावकाश, सरळ, पन्नासेक फूट पुढे न्या. मग खाली उतरून ओल्या चाकोऱ्या पाहा. पुढच्या आणि मागच्या चाकांची रुंदी काही गाड्यांत सारखी नसते, त्यामुळे मागची चाकोरी थोडी आत किंवा बाहेर पडेल. पण डावीकडे जेवढी, उजवीकडेही तेवढीच पडली पाहिजे. दोन्ही चाकोऱ्या एकाच बाजूला सरकल्या असतील तर गाडी तिरकी चालते आहे. एक्सलचे जे टोक मागे गेले असेल, त्या बाजूला मागची चाकोरी पडते आणि स्टेअरिंगही त्याच बाजूला धरावे लागते.

यानंतर माप घ्या. हळद वाळवण्याचा सिमेंटचा ओटा असेल तर उत्तम. गाडी रिकामी करून त्यावर सरळ उभी करा. गवंड्याचा ओळंबा आणि खडू लागेल. पाट्याचे पुढचे टोक ज्या बोल्टने चॅसीला अडकवले आहे, त्या बोल्टवरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. दुसरी खूण मागच्या चाकाच्या मध्याखाली. दोन्ही बाजूंना असेच करा, गाडी पुढे काढा आणि खुणांमधली अंतरे टेपने मोजा. डावे-उजवे माप एकच यायला हवे. एक-दोन सूत फरक मोजण्यातही पडतो, त्याचे मनावर घेऊ नका. त्याहून जास्त आला तर एक्सल सरकला आहे. शेवटी तिरकी मापे घ्या, म्हणजे डाव्या पुढच्या खुणेपासून उजव्या मागच्या खुणेपर्यंत आणि उलट. बाजूंची मापे जुळतात आणि तिरकी जुळत नाहीत, तर चॅसीच वाकडी आहे. जुनी गाडी घेताना हे माप अवश्य घ्यावे. अपघातातली गाडी रंग मारून विकायला उभी केली तरी ओळंबा खोटे बोलत नाही.

खाली शिरण्याआधी पुढच्या चाकांना दगड लावा आणि चॅसीखाली लाकडी ठोकळे द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. पाहायचे ते असे : एक्सलच्या बैठकीजवळ पाट्यावर घासून चकाकलेली रेघ किंवा तांबूस गंजाची पूड आहे का? असली तर तिथे हालचाल चालू आहे. पाट्यांपैकी एखादा चिरला आहे का? शॅकलचे बुश पहारीने हलवल्यावर खडखडतात का? आणि ब्रेकचा रबरी पाइप ताणला गेला आहे का? एक्सल मागे गेला की हा पाइपही ओढला जातो. तो तुटला तर काय होईल, हे सांगायला नको.

एक लक्षण चालवतानाच कळते. रेस देताना गाडी एका बाजूला जाते आणि ब्रेक मारताना दुसऱ्या बाजूला, असे झाले तर एक्सल मागे-पुढे खेळतो आहे. यू बोल्ट सैल असतील नाहीतर बुश गेले असतील. अशी गाडी नांदेडला काय, शेतापर्यंतही नेऊ नये.

दुरुस्ती करताना यू बोल्ट नट नवे घ्या, आलटून-पालटून समोरासमोरचे कसा, आणि चार-पाचशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा कसा. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. जॅकवर लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर पिळून फाटते. एवढे सगळे झाले की मग पुढच्या अलाइनमेंटला जा, आधी नाही.

शॉकअपचे थोडक्यात सांगतो. लहान गाडीचा मागचा कोपरा जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन बसली तर ठीक, डोलत राहिली तर शॉकअप गेला. बोलेरोचे पाटे कडक असल्यामुळे तिथे असे कळत नाही. खराब रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर फिरून आल्यावर दोन्ही शॉकअपना हात लावून पाहा (सायलेन्सर टाळून). काम करणारा कोमट लागतो, गार लागला तो मेलेला. टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखे खड्डे पडले असतील तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग तपासा.

स्विफ्टसारख्या गाड्यांना पाटे नसतात. मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी एकच वळणारी तुळई असते. ती मोठ्या खड्ड्यात आपटून वाकली, तर टायर एका काठाने झिजतो किंवा तळहात फिरवला की करवतीसारखा लागतो. इथे ओळंब्याचे काम नाही. चारही चाके मोजणारे यंत्र असेल तिथेच जा आणि छापील कागद मागा. त्यावर थ्रस्ट अँगल असा आकडा असतो. तो शून्याच्या जवळ, निदान कंपनीने दिलेल्या मर्यादेत हवा. नसेल तर पुढची चाके सरळ करायचे पैसे देऊ नका. या तुळईला बहुधा जुळवणीचा स्क्रू नसतो. वाकली तर ती बदलावी लागते. ठोकून सरळ करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये.

हेच माप ट्रॉलीलाही लावता येते. दोन चाकी ट्रॉलीच्या हुकाच्या मध्यापासून दोन्ही चाकांच्या मध्यापर्यंत दोरी धरा. एकाच लांबीची दोरी दोन्हीकडे पोचली पाहिजे. ट्रॉली रस्त्यावर अर्धी बाहेर डोकावत चालते अशी ओरड असेल, तर फड सुरू होण्याआधी रिकाम्या ट्रॉलीवर हे पाहून घ्या. भरलेली ट्रॉली काट्यावर उभी असताना मोजायला कोणी थांबत नाही.