इंटर फर्स्ट इयर हेच तयारीचं वर्ष



जून लागला की मत्स्यबीजाची चौकशी करायला येणारे सभासद जाता जाता हळूच अजून एक गोष्ट विचारतात. "भाऊ, पोरीचं इंटर झालं. आता कुठं टाकू?" प्रश्न बरोबर असतो, पण वेळ निघून गेलेली असते. तोपर्यंत परीक्षांचे अर्ज बंद झालेले असतात, जातीचा दाखला तहसीलमध्ये अडकलेला असतो, आणि आधारवरचं नाव मेमोवरच्या नावाशी जुळत नसतं.

म्हणून आजचा हा पाठ इंटर फर्स्ट इयरच्या, म्हणजे अकरावीच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी आहे. सांगायचं एवढंच की कॉलेजची तयारी निकाल लागल्यावर सुरू होत नाही. ती फर्स्ट इयरलाच करायची असते. आपण तेलंगणाच्या टोकाला, पेनगंगेच्या अल्याड राहतो. पल्याड महाराष्ट्र. सोयरीक दोन्हीकडे, शाळा दोन्हीकडे. त्यामुळे हैदराबादच्या पोराला जी अडचण येत नाही ती आपल्या पोराला येते.

१) वर्षाचं गणित आधी समजून घ्या

आपल्या बोर्डात फर्स्ट इयरचीही बोर्डाची परीक्षा होते आणि ते मार्क शेवटच्या १००० मार्कांच्या मेमोत धरले जातात. "पहिलं वर्ष असंच जाऊ दे, सेकंड इयरला बघू" असं जे म्हणतात, त्यांनी जवळजवळ अर्धे मार्क आधीच पाण्यात सोडलेले असतात. डिग्रीचा प्रवेश इंटरच्या मार्कांवर होतो, हे लक्षात ठेवा.

एखाद्या विषयात मार्क कमी पडले तर फर्स्ट इयरचा निकाल लागल्यावर सप्लिमेंटरीच्या वेळी इम्प्रूव्हमेंट लिहिता येते. नापास झालेल्यांचीच ती परीक्षा, असा गैरसमज नको. पास झालेला पोरगाही मार्क वाढवायला बसू शकतो.

आता सेकंड इयरचं बघा. प्रॅक्टिकल, बोर्डाची परीक्षा, ईएपीसेटचा अर्ज, नीटचा अर्ज हे सगळं साधारण फेब्रुवारी-मार्चच्या आगेमागे येतं. २०२५ साली ईएपीसेट एप्रिलच्या शेवटी सुरू होऊन मेच्या पहिल्या आठवड्यात संपली आणि नीट ४ मेला झाली. डिग्रीची दोस्त नोंदणीही मेमध्येच सुरू झाली. अशा धावपळीत दाखल्यासाठी मीसेवाच्या चकरा मारायला ना पोराला वेळ असतो ना बापाला. त्यात उन्हाळ्यात पाणी उतरतं, माल निघायचे तेच दिवस. होडी बांधून तहसीलच्या दारात बसणं परवडत नाही.

२) नदी ओलांडायची की नाही, हे आधी ठरवा

हा मुद्दा सगळ्यात मोठा, म्हणून नीट वाचा.

तेलंगणात व्यावसायिक कॉलेजांच्या ८५ टक्के जागा 'लोकल' मुलांसाठी असतात. लोकल ठरायचा मुख्य नियम असा की इंटर धरून मागची सलग चार वर्षं तेलंगणात शिकलेलं असावं. म्हणजे नववी, दहावी, फर्स्ट इयर, सेकंड इयर. मेडिकलच्या प्रवेशासाठी या चार वर्षांच्या नियमावर कोर्टात मोठा वाद झाला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्याचा नियम कायम ठेवला.

आपल्याकडे काय होतं? दहावीपर्यंत पोरगं इथल्या मराठी शाळेत. मग मामा किनवटला आहे, आत्या पांढरकवड्याला आहे, तिकडं मराठीतून शिकायला मिळतं, म्हणून अकरावीला तिकडं. त्यात वाईट काहीच नाही. पण ती चार वर्षांची साखळी तुटते. आणि महाराष्ट्रातही लगेच तिथला हक्क मिळत नाही, कारण तिथं दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातली आहेत का, अधिवास आहे का, हे बघतात. दहावी इथली आणि बारावी तिथली असली की पोरगं दोन्हीकडून काठावर राहू शकतं.

रहिवासाच्या आधारावर हक्क सांगायचे वेगळे नियमही आहेत, पण त्याला कागद जास्त लागतात. म्हणून नदी ओलांडायची तर विचार करून ओलांडा. अकरावीला तिकडं घातलंच असेल तर पुढचं कॉलेज कुठल्या राज्यात, कुठल्या कोट्यातून, हे आजच विचारून घ्या. आणि मधलं एक वर्ष आजीकडे, एक वर्ष इथं, असं करू नका. मासेमारीसाठी घर हलतं तेव्हा नववीपासून पुढच्या लेकराची शाळा हलवू नका. हॉस्टेल बघा, नातेवाईक बघा, पण राज्य बदलू नका.

३) जातीचा दाखला नदी ओलांडत नाही

आपला समाज दोन्ही काठांवर एकच असला तरी सरकारी यादी एक नाही. महाराष्ट्रात भोई समाज भटक्या जमाती-ब मध्ये आहे. तेलंगणात बेस्ता आणि गंगापुत्र बीसी-ए मध्ये, तर मुदिराज आणि तेनुगू बीसी-डी मध्ये येतात. बीसी-ए ला ७ टक्के आणि बीसी-डी ला ७ टक्के जागा आहेत.

एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणाला चालत नाही. काकाच्या मुलाला नांदेडला जो दाखला मिळाला तो दाखवून इथं सवलत मिळणार नाही. दाखला वडिलांच्या जातीवरून निघतो, आईच्या माहेरावरून नाही. तेव्हा वडिलांचा किंवा आजोबांचा इथला जुना दाखला, शाळेचा निर्गम उतारा, जमिनीचा कागद, जे असेल ते शोधून ठेवा. घरात बोलताना आपण एक नाव सांगतो आणि कागदावर दुसरं असतं. अर्ज टाकायच्या आधी तहसीलमध्ये विचारा की आपली नोंद कुठल्या नावाने होते. मोठ्या मुलाच्या दाखल्यावर एक आणि धाकट्याच्या दाखल्यावर दुसरं असलं तर पुढं दोघांचीही चौकशी लागते.

४) नाव एकच ठेवा

मराठी घरात आपण आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लिहितो. तेलंगणाच्या पद्धतीत आडनाव आधी येतं आणि बहुतेक वेळा एकाच अक्षरात. त्यामुळे एकाच पोरीचं नाव मेमोवर एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं होतं. कॉम्प्युटरला ही तीन वेगळी माणसं वाटतात.

उपाय सोपा आहे. दहावीचा मेमो मुख्य धरा. त्यावर जे नाव आणि जी जन्मतारीख आहे, तसंच बाकी सगळं करून घ्या. मेमोतच चूक असेल तर हेडमास्तरांकडून बोर्डाला दुरुस्तीचा अर्ज टाका. त्याला वेळ लागतो, म्हणून आत्ताच.

आधारचं अजून एक काम असतं. वय १५ झाल्यावर बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो पुन्हा द्यावे लागतात. १५ ते १७ या वयात ते फुकट होतं. फर्स्ट इयरचं लेकरू याच वयाचं असतं. त्याच वेळी मोबाईल नंबर आधारला जोडा. दोस्तच्या नोंदणीला आधारला जोडलेला नंबर लागतो. नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या जो जलाशयावर रेंजच्या बाहेर नसतो. ओटीपी आला आणि बाप साठनाळ्याच्या पाण्यात, असं व्हायला नको.

५) मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजी शब्दांची वही करावी

ईएपीसेटचा पेपर इंग्रजीसोबत तेलुगू किंवा उर्दूत असतो. मराठीत नसतो. नीटचा पेपर मराठीत असतो, पण तो महाराष्ट्रातल्या केंद्रावरच मिळतो. आदिलाबादचं केंद्र घेतलं की मराठी पेपर नाही. हे अर्ज भरतानाच ठरवावं लागतं, नंतर बदलत नाही.

म्हणून एक वही करा. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी. वेग म्हणजे व्हेलॉसिटी, सदिश म्हणजे व्हेक्टर. रोज दहा शब्द घेतले तरी वर्षात पुष्कळ होतात. आपल्या लेकरांना यात एक फायदाही आहे. फर्स्ट इयरच्या झूऑलॉजीत माशांचा भाग येतो. मासा साफ करताना कल्ल्यावरचं झाकण आपण रोज उचलतो. पुस्तकात त्यालाच ऑपरक्युलम म्हणतात, आणि कल्ले म्हणजे गिल्स. रोहू, कटला, मृगळ ओळखायला आपल्या पोराला चित्र लागत नाही, फक्त नाव इंग्रजीत शिकायचं राहतं.

६) पुढं काय काय आहे

साधी डिग्री, म्हणजे बीए, बीकॉम, बीएस्सी करायची तर दोस्त. ही ऑनलाईन पद्धत २०१६ पासून आहे. पहिल्या फेरीची नोंदणी २०० रुपयांत होते, पुढच्या फेऱ्यांना ४०० लागतात. सीट मिळाली की ऑनलाईन सेल्फ रिपोर्टिंग करावं लागतं. ते केलं नाही तर मिळालेली सीट जाते. अडचण आली तर सरकारी डिग्री कॉलेजात मदत केंद्र असतं. आदिलाबादची डिग्री कॉलेजं काकतीय विद्यापीठाची आहेत, पण दोस्तमधून राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठांची कॉलेजंही निवडता येतात.

इंजिनिअरिंग, ॲग्रीकल्चर, फार्मसीला ईएपीसेट. यात आता इंटरच्या मार्कांचं वजन धरत नाहीत, २०२३ पासून ते काढलं. तरी ग्रुपच्या विषयांत ठरावीक टक्के लागतातच. इंजिनिअरिंगला ते आरक्षणातल्या मुलांना ४० आणि बाकीच्यांना ४५ आहेत.

आपल्या धंद्याचं शिक्षणही आहे, आणि ते फार कमी घरांना माहीत आहे. बीएफएस्सी म्हणजे मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची डिग्री. तेलंगणात वनपर्ती जिल्ह्यात पेब्बेर इथं मत्स्यविज्ञान कॉलेज आहे. आपल्या आदिलाबादवरून जाणारा ४४ नंबरचा हायवेच तिकडं जातो. त्याचा प्रवेश ईएपीसेटमधून होतो आणि त्याला बायपीसी ग्रुप लागतो. महाराष्ट्रात नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीला अशी कॉलेजं आहेत. देशभरातल्या कृषी आणि मत्स्य कॉलेजांच्या ठरावीक जागा सीयूईटी परीक्षेतूनही भरतात. पिढ्यान् पिढ्या मासे धरणाऱ्या घरातून मत्स्य खात्यात अधिकारी व्हावा, हॅचरी चालवणारी पोरगी व्हावी, असं वाटत असेल तर रस्ता हा आहे. पण फर्स्ट इयरला सीईसी घेतलं की हा रस्ता बंद होतो. धाकटं लेकरू दहावीला असेल तर ग्रुप निवडायच्या आधी हे वाचून दाखवा.

७) पैशाची तजवीज

फी परतावा आणि स्कॉलरशिप ई-पास वर मिळते. बीसीसाठी घरच्या उत्पन्नाची मर्यादा गावात वर्षाला दीड लाख आणि शहरात दोन लाख आहे. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो. जुना चालत नाही, म्हणून हा एकच कागद सेकंड इयरच्या एप्रिलनंतर काढायचा. बाकी सगळे आत्ता. बँक खातं मुलाच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं असावं, आणि कॉलेजात ७५ टक्के हजेरी लागते.

मॅनेजमेंट कोट्यातून किंवा स्पॉट ॲडमिशनने घेतलेल्या सीटला फी परतावा मिळत नाही. कुणी एजंट म्हणाला "आज सीट घ्या, फी सरकार देईल" तर सही करायच्या आधी हे विचारा.

परताव्याचे पैसे यायला उशीरही होतो. कॉलेज फी आधी मागतं. आणि प्रवेश नेमके जून-जुलैमध्ये, जेव्हा आपली जाळी वाळत पडलेली असतात. उन्हाळ्यात माल निघतो तेव्हाच दर खेपेचे थोडे पैसे पोरीच्या खात्यात टाका. मोटर-जाळ्याची दुरुस्ती आपण जशी पावसाआधी धरतो, तशीच ही गोष्ट धरायची.

या महिन्यात करायची कामं

• सहावीपासून आजपर्यंत प्रत्येक शाळेचं बोनाफाईड आणा. मधली शाळा बंद पडली असेल तर मंडल शिक्षण कार्यालयात विचारा.
• मेमो, आधार, पासबुक समोरासमोर ठेवून नावाचं एकेक अक्षर जुळवा.
• आधारचं बायोमेट्रिक आणि मोबाईल नंबर करून घ्या.
• जातीच्या दाखल्याचा अर्ज मीसेवात टाका आणि पावती सांभाळा.
• प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढा, फोटो मोबाईलमध्ये ठेवा. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, होडीवर किंवा झोपडीत नाही, घरात.
• लेकराला शेजारी बसवून विचारा की त्याला काय शिकायचं आहे. आपण ठरवलेलं आणि त्याच्या मनातलं वेगळं असलं तर ते फर्स्ट इयरलाच कळलेलं बरं.

पोरीच्या बाबतीत अजून एक. "बारावी झाली, बस झालं" असं म्हणायच्या आधी तिचा मेमो बघा. बऱ्याच घरांत सोसायटीचा हिशोब तीच लिहिते, मेसेज तीच वाचून दाखवते. तिचे कागदही मुलाच्या कागदांबरोबर त्याच पिशवीत ठेवा.

नियम आणि तारखा दर वर्षी थोड्या बदलतात, तेव्हा अर्ज भरताना त्या वर्षीचं नोटिफिकेशन नक्की वाचा. तेलुगू किंवा इंग्रजी वाचायला अडचण असेल तर कागद घेऊन ऑफिसात या, आम्ही बसून वाचून देऊ. आणि ज्या घरात फर्स्ट इयरचं लेकरू आहे, त्या घरापर्यंत हा पाठ पोचवा.