चुलीला दगड कोणता, माती कोणती?

आता पुष्कळ घरी गॅस आला आहे. तरी मांजरसुंब्याच्या आसपास चूल काही विझलेली नाही. भाकरी चुलीवरचीच गोड लागते. अंघोळीचे पाणीही चुलीवरच तापते. तेव्हा चूल घालताना आतून काय लावावे, ते या पाठात पाहू.

आपला मुलूख बालाघाटाच्या डोंगराचा. इथला दगड काळा आणि कठीण. असा दगड आग सोसतो, असे आपण धरून चालतो. ते निम्मे खरे आहे. कोरडा, अखंड दगड आग सोसतो. पण ओढ्यातला गोटा घेऊ नका. त्याच्या बारीक भेगांत पाणी मुरलेले असते. जाळ लागला की त्या पाण्याची वाफ होते. वाफेला जागा जास्त लागते, आणि बाहेर पडायला वाट नसते. मग दगड फाडकन फुटतो. कपची उडते ती भाकरी थापणाऱ्या बाईच्या तोंडावर, नाहीतर शेजारी बसलेल्या लेकराच्या डोळ्यांत.

आपल्या जिल्ह्यातली कितीतरी माणसे ऊसतोडीला जातात. कोपीपुढे तीन दगड मांडले की झाली चूल! ते दगड बहुधा जवळच्या ओढ्यातून नाहीतर पाटातून उचललेले असतात. त्यापेक्षा तीन पक्क्या विटा मांडाव्या. विटा कुठेही मिळतात, डोळा मिळत नाही.

सिमेंटबद्दल आम्हाला नेहमी विचारतात. भिंतीला सिमेंट पक्के, मग चुलीला का नको? ऐका. सिमेंट पाण्याने धरते आणि ते पाणी त्याच्या अंगातच राहते. मोठ्या आचेने ते निघून जाते. मग सिमेंट तडकते, भुसभुशीत होते. ओट्याला बाहेरून खुशाल लावा, जाळाच्या बाजूने नको. सिमेंटच्या जुन्या पत्र्याचा तुकडा तर आडोशालाही लावू नये. त्यात अस्बेस्टॉस असते. पत्रा तापून फुटतो आणि त्याची धूळ छातीत जाऊन बसते.

वीट घ्यावी ती चांगली भाजलेली. दोन विटा एकमेकींवर वाजवा. खणखणीत वाजली तर पक्की, बद्द वाजली तर कच्ची. सांधे मातीनेच भरावे.

माती कोणती? काळीत पीक, पांढरीत घर, हे आपल्याला ठाऊकच आहे. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. शेताला उन्हाळ्यात भेगा पडतात, तशाच चुलीला पडतील. म्हणून पांढरी किंवा तांबडी माती चाळून घ्या. तिच्यात बारीक वाळू, गव्हाचा भुसा आणि थोडे शेण घाला. दोन दिवस भिजवून पायाने तुडवा. मग एक गोळा करून सावलीत वाळवा. गोळा तडकला तर वाळू कमी पडली. हातात चुरला तर वाळू जास्त झाली.

हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी 1953 साली बिनधुराच्या चुलीवर पुस्तक काढले. तेव्हा बीड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. त्यांची चूलसुद्धा मातीचीच, फक्त तिला धुराडे होते. आमच्या मते ते धुराडे प्रत्येक चुलीला हवे.

चूल घातल्यावर आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्या. पहिला जाळ लहान ठेवा, चार काटक्यांचा. पुढे भेग दिसली की पोतेरे घालताना त्याच मातीने बुजवा. मात्र चूल निवल्यावर.