दूरचित्रवाणी आणि बंधुतेची जाणीव

राष्ट्र केवळ नकाशावरील सीमारेषांनी घडत नाही. परस्परांना कधीही न भेटलेल्या माणसांना ‘आपण एक आहोत’ असे वाटू लागते, तेव्हा ते घडते. ही भावना रुजविण्यात दूरचित्रवाणीचा वाटा कोणता आणि तिची मर्यादा कोणती, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या उपग्रह प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक संच पोहोचले. शेजारच्या कर्नाटकातील गुलबर्गा, विजापूर, रायचूर हे जिल्हे त्यात होते. महाराष्ट्र मात्र नव्हता. पुढे १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि दूरदूरच्या प्रांतांना एकाच वेळी एकच चित्र दिसू लागले.

परंतु एकच चित्र पाहणे म्हणजे एक होणे नव्हे. त्या चित्रात आपण कोठे आहोत, हा खरा प्रश्न आहे. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ (१९८८) या मालिकेत सदाशिव अमरापूरकर यांनी महात्मा जोतीराव फुले साकारले. त्यांच्याच ‘संविधान’ (२०१४) मध्ये सचिन खेडेकर यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे केले. महाराष्ट्रातील समतेची चळवळ त्यामुळे अवघ्या देशाच्या इतिहासाचा भाग म्हणून घरोघरी दिसली.

राष्ट्रांच्या सीमांपलीकडेही हेच घडते. १९८३ मध्ये जपानमध्ये सुरू झालेली ‘ओशिन’ ही मालिका तांदळाच्या मोबदल्यात चाकरीस धाडलेल्या एका गरीब मुलीची कथा सांगते. थायलंड, श्रीलंका, इराण अशा देशांत ती अत्यंत लोकप्रिय झाली. भाषा परकी होती. पण दारिद्र्य, श्रम आणि शिक्षणाची ओढ ओळखीची होती. हदगाव तालुक्यातील शेतमजुराच्या लेकीलाही ती परकी वाटणार नाही.

म्हणून वसतिगृहात दूरचित्रवाणी संच असणे पुरेसे नाही. कार्यक्रम संपल्यावर विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत: पडद्यावर कोण दिसले? कोण दिसले नाही? कोणाच्या वतीने दुसराच कोणी बोलला? पालकांनीही घरी हीच सवय लावावी. चित्र डोळ्यांना जोडते. मनांना जोडण्यासाठी प्रज्ञा आणि मैत्री लागते. आमचे माजी विद्यार्थी आज लेखन, अध्यापन, प्रशासन अशा क्षेत्रांत आहेत. उद्याच्या पडद्यावर आपल्या गावाची गोष्ट आपल्याच शब्दांत यावी, ही जबाबदारी आता त्यांची आणि आपणा सर्वांची आहे.