‘रूटच चालू करून देतो, वेगळे पैसे नकोत’

डोंबिवली पूर्वेला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक जुना संगणक आहे. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, विंडोज ११ त्या यंत्रावर चढेना आणि नवीन घ्यायला कमिटी तयार होईना. म्हणून उबुंटू हे लिनक्स टाकून घेतले. माणूस आला, तासाभरात काम उरकले, नऊशे रुपये घेऊन गेला. आठवड्यात खजिनदारांची तक्रार सुरू झाली: प्रिंटर जोडायचा तर पासवर्ड, काही नवे टाकायचे तर पासवर्ड. पुन्हा फोन केला. तो येऊन म्हणाला, ‘काका, रूटच चालू करून देतो. वेगळे पैसे नकोत.’

मार्चअखेर हिशेब जुळवताना सेक्रेटरींनी त्यांच्या स्वतःच्या नावाने लॉगइन केले, तर वर्गणीची एकही फाइल दिसेना. दुसऱ्या एका दुकानाला फोन लावला. यंत्र न पाहताच उत्तर आले: ‘डेटा रिकव्हरी करावी लागेल, साडेतीन हजारांपासून पुढे.’

फाइली कुठेही गेल्या नव्हत्या. पाच महिने सगळे काम रूटच्या खात्यात चालले होते, त्यामुळे त्या रूटच्या स्वतःच्या फोल्डरात पडून होत्या. ते फोल्डर इतर कोणाला उघडून पाहताही येत नाही. तिथून त्या सेक्रेटरींच्या फोल्डरात हलवल्या आणि ‘सीएचओन’ या आदेशाने त्यांची मालकी बदलली. नुसत्या हलवून भागत नाही. मालक रूटच राहिला तर फाइल एक तर उघडतच नाही, नाहीतर लिब्रेऑफिसमध्ये ‘फक्त वाचा’ म्हणून उघडते आणि माणूस पुन्हा दुकानाकडे धावतो. दोन आदेश, दहा मिनिटे, खर्च शून्य.

रूट म्हणजे लिनक्समधला सर्वाधिकारी. सोसायटीच्या भाषेत सांगायचे तर हा चेअरमन नव्हे, बिल्डर. भिंत पाडायची असली तरी त्याला कोणी नकाशा विचारत नाही. २००४ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून उबुंटूने हे खाते कुलूपबंद ठेवले आहे. रोजचे काम साध्या खात्यातून करायचे आणि मोठे काम आले की ‘सुडो’ लावून तेवढ्यापुरता अधिकार घ्यायचा, अशी ती व्यवस्था आहे. पासवर्डचा तो चौकोन त्यासाठीच येतो.

ग्राफिकल पडद्यावरून रूटला आत घेण्यासाठी कारागिराला तीन ठिकाणी हात घालावा लागतो. रूटला पासवर्ड द्यायचा, लॉगइनचा पडदा सांभाळणाऱ्या जीडीएमच्या फाइलमध्ये रूटला परवानगी लिहायची, आणि लॉगइन तपासणाऱ्या ‘पॅम’च्या फाइलमधली ‘वापरकर्ता रूट नसावा’ अशी अट असलेली ओळ निकामी करायची. उबुंटू बनवणाऱ्यांनी एका दारासाठी तीन कड्या ठेवल्या, यावरून काय ते समजा. जुन्या सुसे लिनक्समध्ये तर रूटने आत गेल्यावर लालभडक पडद्यावर बॉम्बची चित्रे दिसायची. आता तसे काही दिसत नाही. पडदा नेहमीसारखाच असतो, म्हणून महिनोन् महिने लक्षात येत नाही.

आमच्या संगणकावर मात्र एक खूण होती. क्रोम उघडले की वर एक पट्टी यायची. खजिनदारांना ती जाहिरात वाटायची. ते फुलीवर टिचकी मारून पुढे जायचे. वाचली असती तर कळले असते. क्रोम रूटच्या खात्यातून सुरू व्हायला नकार देते. तो नकार बाजूला सारण्यासाठी कारागिराने शॉर्टकटमध्ये ‘नो-सँडबॉक्स’ हा शब्द घुसडला होता, आणि याने स्थैर्य व सुरक्षितता धोक्यात येते, असे ती पट्टी रोज सांगत होती. सँडबॉक्स म्हणजे प्रत्येक वेबपानाभोवतीचा पिंजरा. पिंजरा काढला आणि आत बिल्डरला बसवले, की एखाद्या वाईट पानातून आलेला प्रोग्राम सगळ्या यंत्राचा मालक होऊ शकतो. याच ब्राउझरमधून सोसायटीचे नेटबँकिंग चालत होते. आमचे काही गेले नाही, याला मी नशीब म्हणतो.

व्हीएलसी प्लेअरसुद्धा रूटमध्ये चालायला नाही म्हणतो. चांगले प्रोग्राम एकामागून एक नकार देऊ लागले, तर कारागीर बदला, प्रोग्राम नको.

तुमच्याकडे असेच करून ठेवले आहे का, हे पाहायला पैसे लागत नाहीत. टर्मिनल उघडा. ओळीच्या शेवटी डॉलरचे चिन्ह असेल तर साधे खाते. हॅश, म्हणजे जिन्याच्या जाळीसारखे चिन्ह असेल तर तुम्ही रूट आहात. रूट असलात तर आधी फाइलींची प्रत काढा. मग सुडोचा अधिकार असलेले साधे खाते तयार करून त्यातून लॉगइन करून पाहा, फाइली तिकडे न्या, आणि शेवटी रूटचा पासवर्ड कुलूपबंद करून जीडीएम आणि पॅमच्या त्या दोन फाइली मूळच्यासारख्या करून घ्या. हा क्रम उलटा केलात तर स्वतःच बाहेर राहाल.

मग पासवर्डच्या कटकटीचे काय? बहुतेक वेळा मागणी रूटची नसतेच. प्रिंटर सांभाळायचा असेल तर त्या माणसाला ‘एलपीॲडमिन’ या गटात घाला. एखादी सिस्टिमची फाइल बदलायची असेल तर उबुंटूच्या फाइल मॅनेजरमध्ये पत्त्याच्या जागी ‘ॲडमिन’ने सुरू होणारा पत्ता देता येतो, लिनक्स मिंटमध्ये उजव्या टिचकीत ‘रूट म्हणून उघडा’ मिळते, आणि तेवढीच एक खिडकी लाल पट्टीसह उघडते. पासवर्ड विसरलात तर रिकव्हरी मोडमधून नवा देता येतो. ही सोय चोरालाही मिळते, हे लक्षात ठेवून लॅपटॉपवर लिनक्स टाकतानाच डिस्क एन्क्रिप्ट करून घ्या. त्याचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. स्थापनेच्या वेळी एक पर्याय निवडायचा असतो. फक्त एन्क्रिप्शनचा सांकेतिक शब्द हरवला तर कोणताही कारागीर काही करू शकणार नाही.

सोसायट्यांसाठी आणखी एक कारण आहे. कमिटी पाच वर्षांनी बदलते, मधे राजीनामे होतात. प्रत्येकाचे वेगळे खाते असेल तर सुडोने कोणी, कधी, काय केले याची नोंद लॉगमध्ये राहते. सगळेच रूट म्हणून बसत असतील तर नोंदीत एकच नाव, आणि सर्वसाधारण सभेत नुसता आरडाओरडा.

आता दर. मी डोंबिवलीत मानपाडा रोडच्या बाजूला, कल्याण पश्चिमेला आणि ठाण्यात नौपाड्यात फोन करून विचारले. घरी येण्याचे तीनशे ते पाचशे, ठाण्यात शंभर-दीडशे जास्त. लिनक्स टाकून देण्याचे सातशे ते दीड हजार. लिनक्स फुकट आहे, तुम्ही मोजता ते हाताचे आणि वेळेचे पैसे. रूट बंद करून खाती नीट लावायला एका भेटीपेक्षा जास्त लागू नये. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह पाचशे-सातशेला येतो, आणि सोसायटीचा सगळा हिशेब त्यात मावतो. तो घ्याच. ‘टाइमशिफ्ट लावले आहे, बॅकअपची काळजी नको’ असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. टाइमशिफ्ट आपणहून सिस्टिम जपते; तुमच्या फाइली तुम्ही सांगितल्याशिवाय त्यात येत नाहीत.

स्वतः शिकायचे असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मोफत आहेत, मराठीतही.

कारागिराकडून पक्के बिल मागा. १८ टक्के जीएसटी लावला असेल तर बिलावर नोंदणी क्रमांक हवा. नोंदणी नसलेल्या दुकानदाराला जीएसटी घेता येत नाही. बिलावर ‘लिनक्स सर्व्हिस’ एवढेच नको. कोणती खाती केली, रूट बंद आहे की चालू, फाइलींची प्रत आधी घेतली का, हे तीन मुद्दे लिहून घ्या. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात, तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. बँकेतून पैसे गेले असतील तर मात्र आधी १९३० फिरवा आणि बँकेला कळवा. कारागिराशी भांडायला नंतर वेळ आहे.

आमच्या ऑफिसात आता तीन खाती आहेत. खजिनदारांनी त्यांचा पासवर्ड मॉनिटरच्या मागे चिकटवला आहे. त्यावर मी अजून काही बोललेलो नाही.